शब्द टाकला

"तुम्हाला आमच्याच कंपनीत का काम करायचं आहे?" मी विचारलं.

समोर सर्जेराव खोत बसला होता. त्याच फौंड्रीत, त्याच खुर्चीत, माझ्याच टेबलासमोर तो नवव्यांदा बसला होता आणि मी त्याला हा प्रश्न नवव्यांदा विचारत होतो. अर्जात 'पूर्वीचा अनुभव' या रकान्यात त्यानं सुवाच्य अक्षरात 'निरंक' असं लिहिलं होतं. बाहेर भट्टीशेजारच्या खिळ्याला त्याचे हातमोजे अडकवलेले होते. तीन आठवड्यांसाठी ते घरी कशाला न्यायचे, असा त्याचा विचार.

"मला नवीन शिकायची लई आवड हाय, साहेब," तो म्हणाला. हे उत्तरही चौथ्या मुलाखतीच्या वेळी मीच त्याला शिकवलेलं होतं.

ज्यांनी आयुष्यात कधी माणसं नेमली नाहीत त्यांना हा प्रकार चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगतो. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की कामगार कायम होण्याचा हक्क सांगायला लागतो, असं आमचे वकील सांगायचे. त्यामुळे सात महिने झाले की आम्ही माणसाला 'ब्रेक' द्यायचो. तो तीन आठवडे घरी बसायचा आणि कोरा करकरीत होऊन परत यायचा. मग मी त्याची मुलाखत घ्यायचो, त्याला भट्टी म्हणजे काय हे समजावून सांगायचो आणि त्यानं समजल्यासारखी मान हलवली की नेमणुकीचं पत्र द्यायचो. आमच्याकडे असे बावीस जण होते. मी त्यांचा पर्सोनेल ऑफिसर. पुढे दारावरची पाटी बदलून 'ह्यूमन रिसोर्स' अशी आली, एवढाच काय तो फरक.

सर्जेराव कागल तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय तेहतीस, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. भट्टीतल्या लोखंडाचा नुसता रंग बघून ते ओतायला झालं की नाही हे तो सांगायचा. तापमान मोजायचं यंत्र आम्ही घेतलं होतं. ते बिघडलं की सर्जेरावाला विचारायचे, आणि ते चालू असलं की ते बरोबर आहे ना, हेही त्यालाच विचारायचे. आता असा माणूस नऊ वेळा शिकाऊ म्हणून भरती होतो, याचं आम्हाला कुणालाच काही वाटत नसे. त्यालाही वाटत नसावं, असं मी धरून चाललो होतो.

त्या साली आमच्या मालकांनी निम्मी कंपनी गुरुग्रामच्या लोकांना विकली आणि त्यांच्याकडून सक्सेना साहेब आले. वय एकोणतीस. हिंदी-इंग्रजी बोलायचे, माणूस सभ्य, आणि प्रत्येक गोष्टीची त्यांच्याकडे एक पद्धत होती. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की सहा जणांना कायम करायचं. बारा वर्षांत पहिल्यांदा. शॉपमध्ये, म्हणजे खाली भट्टीवर, बातमी गेली त्या दिवशी कुणी जेवलं नाही म्हणतात.

चाचणी झाली. सर्जेराव पहिला आला. त्यात नवल काहीच नव्हतं, कारण चाचणीचे प्रश्न त्यालाच विचारून काढले होते.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, दार लोटून घेतलं आणि उभाच राहिला. एरवी तो खुर्चीवर बसून मग विचारायचा, बसू का म्हणून. त्यानं जे सांगितलं ते असं. मुरगूडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलीचं नाव अश्विनी, अंगणवाडीत नोकरी. याआधी त्याची दोन लग्नं मोडली होती आणि दोन्ही ब्रेकमध्ये मोडली होती. मुलगा काय करतो, असं विचारायला पाहुणे यायचे ते नेमके त्या तीन आठवड्यांत, आणि मुलगा ओट्यावर बसून शेंगा फोडत असायचा. अश्विनीच्या वडिलांनी या वेळी स्पष्टच सांगितलं होतं. अक्षयतृतीयेच्या आत 'कायम' हा शब्द असलेला कागद दाखवा, नाहीतर नारळ परत.

"पोरगीला मी पसंत हाय साहेब," तो म्हणाला. "माझ्या फेसबुकवरच्या समद्या फोटूंना तिनं लाईक दिलंय. पण तिच्या बाला लाईक नको, कागद पायजे. तुम्ही तेवढा शब्द टाका."

मी म्हणालो, टाकतो की. आणि टाकणारही होतो, हे इथं नमूद करून ठेवतो.

मग सक्सेना साहेबांची पद्धत पुढे आली. निवडलेल्या सहा जणांच्या नेमणुकीआधी त्यांचं सोशल मीडिया तपासायचं. त्यासाठी दिल्लीकडची एक एजन्सी होती. ती माणसाच्या पाच वर्षांच्या पोस्ट गोळा करायची, त्यांचं इंग्रजी भाषांतर करायची आणि माणसाच्या स्वभावाला रंग द्यायची. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नको. आता कोल्हापूरकडच्या माणसाचं बोलणं भाषांतर करून समजून घ्यायचं म्हणजे मिसळीतला कट गाळून चहात घालण्यासारखं आहे. पण पैसे भरून झाले होते.

एका शुक्रवारी दुपारी तीन वाजता सक्सेना साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अहवाल आले होते. यादी पाच वाजता गुरुग्रामला जायची होती.

पहिला उमेदवार लाल. त्याचा दर रविवारी 'तांबड्या-पांढऱ्या'शी संबंध येतो, ही बहुधा एखादी संघटना असावी, असं एजन्सीचं मत. मी म्हणालो, सर, ते मटणाचे रस्से आहेत. सक्सेना साहेब हसले आणि त्यांनी लाल खोडून हिरवा केला. दुसरा पिवळा. 'पोरांनी गणपतीत लई दंगा केला' असं त्यानं लिहिलं होतं आणि एजन्सीला तो दंगलीतला माणूस वाटला. मी सांगितलं, दंगा म्हणजे आमच्याकडे मजा. तोही हिरवा झाला. तिसऱ्यानं कुणाची तरी हाडं खिळखिळी झाल्याचं लिहिलं होतं, ती त्याच्या मोटरसायकलची निघाली. अशी पाच माणसं मी पंचवीस मिनिटांत एकेका वाक्यात पावन करून घेतली. सक्सेना साहेब म्हणाले, सरनोबतजी, तुम्ही नसता तर आम्ही काय केलं असतं. मला बरं वाटलं. बारा वर्षांत त्या इमारतीत कुणी मला असं म्हटलं नव्हतं.

सहावा सर्जेराव. लाल.

कारण असं, की भट्टीतून लोखंड ओततानाचे फोटो तो फेसबुकवर टाकायचा आणि खाली लिहायचा, 'जाळ अन् धूर संगटच!' आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की याचा अर्थ काम असं झोकात झालं की विचारू नका. एजन्सीनं मोजून काढलं होतं. उमेदवारानं कामाच्या ठिकाणी आग आणि धूर एकाच वेळी व्हावेत अशी इच्छा त्रेचाळीस वेळा व्यक्त केली आहे. ज्या माणसाला आम्ही आग करण्याचाच पगार देत होतो, त्याला आगीची आवड आहे हे शोधून काढायला दिल्लीला पैसे गेले होते. मला हसू फुटलं. आता एक वाक्य, आणि सहाच्या सहा हिरवे. मी तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात सक्सेना साहेब म्हणाले, "एक चांगली नोंदही आहे. तुमच्याबद्दल आहे." आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

इंग्रजीत होतं ते असं: आज पुन्हा पाण्याशिवाय पार पडलं. पण काहीही म्हणा, आमच्या सरनोबत साहेबांचा हात फार हलका आहे, कापल्याचं कळतही नाही. खाली एजन्सीचा शेरा होता. वरिष्ठांच्या मृदू हाताळणीबद्दल कृतज्ञता, बहुधा प्रथमोपचाराच्या संदर्भात. सकारात्मक.

त्याच्या खाली मूळ मराठी होतं. 'आज परत बिनपाण्यानं झाली. पण काय बी म्हणा, आमच्या सरनोबत साहेबांचा हात लई हलका. कापलेलं कळतसुदीक न्हाई.' तारीख त्याच्या आठव्या ब्रेकची. त्या दिवशी मी त्याला ब्रेकचं पत्र दिलं होतं, चहा पाजला होता आणि खांद्यावर हात ठेवून म्हणालो होतो, तीन आठवडे काय, असे जातील.

तर मी न्हावी होतो. पोस्टला दोनशे बारा लाईक होते. पहिली कॉमेंट माझ्याच ऑफिसातल्या क्लार्कची होती, 'वस्तरा सोन्याचा हाय भावा.' तो रोज सकाळी मला वाकून नमस्कार करायचा. आणि लाईक देणाऱ्यांच्या नावांत माझा सख्खा मेहुणा होता. मी स्वतः तेव्हा फेसबुकवर नव्हतो. त्यामुळे कित्येक महिने सगळ्या एमआयडीसीला माहीत असलेली गोष्ट मला एका गुरुग्रामच्या माणसाकडून, कौतुक म्हणून कळत होती.

माझे कान तापले. खरं सांगायचं तर त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच तापले.

"चांगला माणूस दिसतो," सक्सेना साहेब म्हणाले. "पण हे आगीचं काय? विमा कंपनीला कळलं तर प्रश्न येईल. तुम्ही सांगा. जाळ म्हणजे आग ना?"

"हो."

"धूर म्हणजे धूर?"

"हो."

"आणि हा तिसरा शब्द?"

"संगटच. म्हणजे एकदमच, बरोबरच."

"म्हणजे भाषांतर बरोबर आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाच माणसांच्या वेळी मी न विचारता बोललो होतो. या वेळी ते थांबले होते, मी काहीतरी बोलेन म्हणून.

"शब्दशः अर्थ तोच आहे," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही. कुठल्याही कोर्टात मी हे वाक्य शपथेवर म्हणू शकतो. सक्सेना साहेबांनी उसासा टाकला आणि लाल रंग तसाच ठेवून सातव्या माणसाचं नाव वर घेतलं. सातव्याकडे साधा बटणांचा फोन होता आणि सोशल मीडियावर तो जन्मालाच आलेला नव्हता. एजन्सीच्या मते त्याचा स्वभाव अत्यंत स्वच्छ होता. भट्टीच्या वासानं त्याला मळमळायचं, पण तो रकाना अहवालात नव्हता.

मी खाली आलो तर सर्जेराव माझ्या खोलीत बसून होता. पावणेचार झाले होते. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"मी शब्द टाकला होता रे," मी म्हणालो. "वरनं झालं नाही."

वरनं हा आमच्या ऑफिसातला सगळ्यात उपयोगी शब्द. त्यात माणसाचं नाव घ्यावं लागत नाही.

तो जरा वेळ हातातली टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, बरं. मग परत म्हणाला, बरं. उठला, दारापर्यंत गेला आणि मागं फिरला.

"साहेब, एक सांगायचं हाय. राग मानू नगा. मी मागं तुमच्यावर एक वंगाळ लिवलंतं फेसबुकवर. बिनपाण्यानं म्हणून." त्यानं फोन काढला. "तवा डोस्कं फिरलं हुतं माझं. तुम्ही काय करणार, तुम्ही बी हुकमाचं ताबेदार. आज तुम्ही माझ्यासाठनं साहेबाच्या म्होरं बोलला. ह्यो बगा, काढून टाकतो."

आणि त्यानं माझ्यासमोर, मला स्क्रीन दाखवत, ती पोस्ट काढून टाकली. माझ्याविषयी आजवर कुणी लिहिलेलं एकमेव खरं वाक्य होतं ते.

मला लाज वाटली. यादी पाचला जायची होती, म्हणजे एक तास हातात होता. वर जायचं, सक्सेना साहेबांना म्हणायचं, सर, एक सांगायचं राहिलं. जिन्याच्या सोळा पायऱ्या. पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच उठून जिना चढतोच असं नाही. आधी सांगितलं का नाही, असं ते विचारतील, त्याला काय उत्तर द्यायचं हे मी ठरवत बसलो. ठरवायला बरं पडावं म्हणून चहा मागवला.

साडेचारला उत्तर सुचलं. सांगायचं की हा वाक्प्रचार त्यांच्या गावाकडचा आहे, विचारून खात्री केली. मी उठलोही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात आमचा सोन्याच्या वस्तऱ्याचा क्लार्क मागून धावत आला, फोन पुढे धरून.

"साहेब, बगितलं का? सर्ज्यानं तुमच्यावर लिवलंय."

मी वाचलं. 'कायम व्हायचं राहिलं. पण आज आमच्या सरनोबत साहेबांनी आमच्यासाठी शब्द टाकला. अशा माणसाला इसरायचं न्हाई.' खाली हात जोडलेले. दहा मिनिटांत साठ लाईक झाले होते. शॉपमधल्या कुणी तरी लिहिलं होतं, 'साहेब देवमाणूस.' माझ्या मेहुण्यानं फुलं टाकली होती. क्लार्क म्हणाला, साहेब, आमाला तुमची खरी ओळखच नव्हती. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

आता वर जाऊन सांगायचं म्हणजे शब्द टाकलाच नव्हता हे सांगायचं. मी पाय खाली घेतला. क्लार्कनं शिफ्टच्या चार-पाच जणांना बोलावून आणलं, त्यांनी माझ्याशी हात मिळवले, एक म्हणाला, साहेब, निदान एक तरी माणूस आमच्या बाजूनं हाय. मी मान खाली घालून हसत होतो, नम्र माणसं हसतात तसा. भिंतीवरच्या घड्याळाकडे मुद्दाम बघत नव्हतो. बघितलं तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

सर्जेरावाचा नववा ब्रेक आला तेव्हा तो परत आला नाही. राजकोटकडच्या फौंड्रीत गेला असं ऐकलं. हातमोजे खिळ्यालाच राहिले. अश्विनीचं लग्न त्याच वैशाखात झालं, मुलगा कायम होता. पुढे मीही फेसबुकवर आलो आणि पहिल्यांदा त्याचंच पान उघडलं. हात जोडलेल्या त्या पोस्टनंतर त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. ना जाळ, ना धूर.

सहा वर्षांनी गुरुग्रामवाल्यांनी फौंड्री बंद केली आणि मला पत्र दिलं. त्यांचाही हात हलका होता. पन्नाशीच्या माणसानं काय करावं, तर मी अर्ज करत सुटलो आणि पुण्याजवळच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. मुलाखत घ्यायला तन्वी केळुसकर नावाची मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं मला आधी पाणी दिलं. मग विचारलं, तुम्हाला आमच्याच कंपनीत का काम करायचं आहे. मी म्हणालो, मला नवीन शिकायची आवड आहे.

सगळं चांगलं चाललं होतं. शेवटी तिनं एक कागद पुढे ओढला आणि ती हसायला लागली.

"सॉरी सर, पण हे तुम्हाला दाखवायलाच हवं. आम्ही उमेदवारांचं सोशल मीडिया तपासून घेतो बाहेरून. तुमच्यावर लाल शेरा आलाय. अहो, काय भाषांतर करतात ही माणसं." ती कागद वाचू लागली. "कुणा कामगाराची जुनी पोस्ट आहे. भाषांतरात यांनी लिहिलंय, श्री. सरनोबत यांनी आमच्या बाबतीत दिलेला शब्द टाकून दिला, अशा माणसाला विसरता येणार नाही. शेरा आहे, उमेदवार विश्वासार्ह नाही." तिनं कागद माझ्याकडे सरकवला. खाली मूळ मराठी होतं आणि जोडलेले हात होते. "शब्द टाकला म्हणजे रदबदली केली ना? किती सुंदर लिहिलंय त्यानं तुमच्याबद्दल, आणि यांनी बरोबर उलटं केलं. थांबा, मी दुरुस्त करून घेते. एका वाक्याचं तर काम आहे."

तिनं पेनाचं टोपण काढलं. लाल शेऱ्यावर काट मारायला हात खाली आला.

"राहू द्या," मी म्हणालो.

"अहो पण सर, चुकीचं आहे हे."

मी तो कागद उलटा फिरवून तिच्यासमोर नीट ठेवला.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "शब्दशः अर्थ तोच आहे."